हेरिफर्डशरचं माहेर

माहेर भाड्यानं मिळतं हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ, आठ माणसांसाठी, चादरी-टॉवेल धरून. कुत्रा आणायचा असेल तर आधी कळवायचं.

कल्पना माझ्या सुनेची. अक्षया मूळची पुण्याची, ब्रॅकनेलला एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. कामाला हुशार, बोलायला गोड, आणि एकदा ठरवलं की ठरवलं. माझा मुलगा यतीन इथेच, नॉटिंगहॅमला जन्मला. तो तिच्यापुढे फारसं बोलत नाही, आणि मराठीत त्याहून कमी बोलतो. मी आणि माझे यजमान हॅरोला राहतो. महिन्यातले दोन रविवार यतीन गाडी घेऊन येतो, आम्हाला ब्रॅकनेलला जेवायला नेतो आणि संध्याकाळी परत आणून सोडतो. हे प्रकरण अशाच एका रविवारी सुरू झालं, २००७ सालच्या फेब्रुवारीत.

जेवणं झाली होती. अक्षयानं चहा आणून ठेवला, आम्हा दोघांचा बिनसाखरेचा, नेहमीसारखा. मग ती फोन स्पीकरवर टाकून मैत्रिणींशी बोलत बसली. निवेदिता हॅरोची, बँकेत आहे. सुनीती नॉटिंगहॅमला डॉक्टर. आणखी चौघी होत्या. सगळ्या पस्तिशी-चाळिशीच्या, स्वतःच्या नाहीतर नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलेल्या, आणि दमलेल्या. अक्षया म्हणत होती की स्पा नको, पॅरिस नको, ते सगळ्यांचं करून झालंय. आपण माहेरपण करू. मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला खेड्यात एखादं सुंदर फार्महाऊस घ्यायचं, नवरे आणि मुलं घरी ठेवायची, आणि तीन दिवस माहेरी आल्यासारखं राहायचं. उशिरा उठायचं, गरम गरम आयतं खायचं, डोक्याला तेल घालून घ्यायचं, निघताना ओटी.

फोनमधून सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, जागा मात्र स्टायलिश हवी हं, माहेरच्यासारखी खड्डा पडलेली गादी नको. त्यावर हशा झाला. मी कोपऱ्यात बसून नातीसाठी, मायरासाठी, संत्रं सोलत होते. तेवढ्यात निवेदितानं विचारलं, काकू येणार आहेत ना? अक्षयानं माझ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाली, "आई तर हव्याच. आईंशिवाय कसलं माहेर?"

मी संत्र्याची फोड हातात धरून तशीच बसून राहिले. मायरानं ती माझ्या हातातून काढून घेतली.

एवढ्याशा बोलण्यानं मला काय झालं, ते सांगायला हवं. माझी आई मी लहान असतानाच गेली. मी कऱ्हाडला चुलत्यांकडे वाढले. लग्न होऊन निघाले तेव्हा काकूनं ओटी भरली ती घाईत, कारण एसटी उभी होती. त्यानंतर माहेरी जाणं असं कधी झालंच नाही. गेले तेव्हा इंग्लंडची पाहुणी म्हणून गेले, चॉकलेटांची बॅग घेऊन, आणि दोन-चार दिवसांत काकूच्या सुनांबरोबर भाकऱ्या थापायला बसले. पहिलं बाळंतपण आपल्यात माहेरी करतात. माझं नॉटिंगहॅमला झालं. नर्सनं टोस्ट दिला. बाळ घेऊन घरी आल्यावर वरणभाताचा कुकर मीच लावला, कारण ह्यांची सायकलच्या कारखान्यात शिफ्ट होती. पुढे हॅरोला आलो. तिथे मी शाळेच्या किचनमध्ये नोकरी धरली. दुपारी इंग्रज पोरांना बटाटे वाढायचे आणि संध्याकाळी घरच्यांना पोळ्या. तक्रार नव्हती. तक्रार करायला बाईला कुठल्या तरी घरी जावं लागतं, आणि तसं घर मला नव्हतं.

सून म्हणाली आई हव्याच, आणि मी समजले की ह्या पोरी मला माहेरी घेऊन निघाल्या आहेत.

पुढच्या खेपेला तिनं लॅपटॉपवर घरं दाखवली. कॉट्सवोल्ड्सला सगळेच जातात म्हणून ते नको, डेव्हन लांब पडतं, म्हणून हेरिफर्डशर. वेल्सच्या अंगाचा भाग. सफरचंदांच्या बागा, मेंढ्या, काळ्या लाकडी पट्ट्यांची पांढरी घरं. आम्ही पाहिलेलं घर तीनशे वर्षांचं होतं, पण आतून एखाद्या मासिकातल्यासारखं. मुद्दाम रंग उडालेली कपाटं, तागाचे पडदे, भिंतीवर जुनी खुरपी टांगलेली. खुरपी टांगून ठेवायला त्यांना माणूस लावावा लागला असेल. खाली इंग्रजीत मजकूर होता. मी लिहावाचायला उशिरा शिकले, इंग्रजी तर त्याहून उशिरा, त्यामुळे बोट ठेवून वाचते. 'कम अँड बी पॅम्पर्ड' असं लिहिलं होतं. पॅम्पर म्हणजे मला बाळांचे लंगोट ठाऊक. मी यतीनला विचारलं. तो विचार करून म्हणाला, "लाड. म्हणजे तिकडे तुझी लाड होणार."

"तुझे लाड," मी म्हटलं. पण शब्द मनात जाऊन बसला होता.

अक्षयानं मला विचारलं, कुठली खोली आवडली? वरच्या मजल्यावर एक खोली होती. खिडकीतच पांढरा टब, त्याला पंजांसारखे चार पाय, आणि खिडकीबाहेर मोहरलेली सफरचंदाची झाडं. मी तिच्यावर बोट ठेवलं. अक्षया म्हणाली, टेस्ट आहे हं आई तुमची. ती खोली माझी, असं मी धरून चालले. ती तसं म्हणाली नव्हती. हे मला मागाहून कळलं, पण कुणाच्या मनात नसतं तर विचारायचं कशाला?

मग मी तयारीला लागले. हॅरोच्या दुकानातून फिकट जांभळा ड्रेसिंग गाऊन आणला. घरातल्या घरात घालायच्या मऊ चपला आणल्या. माझे यजमान, ज्ञानेश्वर त्यांचं नाव, हे सगळं पेपरच्या आडून बघत होते. एक दिवस म्हणाले, "तू स्वतःहून परत येणार आहेस, की मला न्यायला यावं लागेल?"

"या," मी म्हटलं. "पण जावई म्हणून येताय, रिकाम्या हातानं येऊ नका."

त्या दोन महिन्यांत मी चांगलीच खुशीत होते. त्याचाच आज सगळ्यात जास्त राग येतो.

एप्रिलमधल्या एका रविवारी निवेदिता आणि सुनीतीही ब्रॅकनेलला जेवायला आल्या. मी घरून मटकीची उसळ करून नेली होती, पोळ्या तिथे लाटल्या. जेवण झाल्यावर पोरींनी टेबलावर लॅपटॉप उघडला आणि राहिलेल्या गोष्टी ठरवायला बसल्या. गाड्या कुणाच्या, कोण कुणाला कुठून उचलणार. पहिल्या रात्री पिठलं-भाकरी, कारण घर खेड्यातलं आहे तर जेवणही तसंच हवं. शनिवारी सकाळी थालीपीठ, रविवारी पुरणपोळी. मी ऐकत होते, मान डोलावत होते. मला वाटलं, कुणाला तरी सांगितलं असेल. वेम्बलीला डबेवाल्या बायका आहेत, त्यांच्यापैकी कुणी येणार असेल.

मग अक्षयानं स्वयंपाकघराचा फोटो मोठा केला. तिथे आगा होता. आगा म्हणजे जुन्या इंग्रजी घरांतली बिडाची भली मोठी शेगडी. दिवसरात्र तापलेली असते, पण ज्योत कुठे दिसत नाही. अशी शेगडी असलेलं घर म्हणजे मोठी शान. अक्षयानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"आई, ह्याच्यावर पोळ्या जमतील ना तुम्हाला? फुगतील का?"

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, पोळ्या कोण करणार आहे?

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी वाईट हसलं नाही, हे सांगायला हवं. सुनीतीला वाटलं मी गंमत करतेय, ती म्हणाली, काकू, आम्ही केल्या तर आठही जणी माझ्या वॉर्डात यायच्या. अक्षया म्हणाली, "आम्ही मदत करूच हो. पण माहेर म्हटलं की आईच्या हातचंच हवं ना." मग निवेदिता म्हणाली की काकूंची खोली खाली किचनला लागून ठेवलीय, म्हणजे सकाळी लवकर उठायला बरं आणि गुडघ्यांना जिना नको. टबाची खोली अक्षया आणि ती घेणार होत्या. सोमवारी निघताना ओट्या भरायच्या होत्या, त्याही माझ्याच हातून. सात ओट्या. खण निवेदिताच्या बहिणीनं पुण्याहून पाठवलेसुद्धा होते.

सातच खण होते. मी मोजले नाहीत, तीच म्हणाली.

मी उठले आणि ताटं विसळायला गेले. पाणी सोडलं आणि मग हात थांबले. सवयीनं मी पुन्हा सिंकपाशीच येऊन उभी राहिले होते. रागावून उठलेली बाई जाते कुठे, तर भांड्यांपाशी. मी नळ बंद केला, ताटं तशीच ठेवली आणि कोट घालून गाडीत जाऊन बसले. यजमानांचा चहा अर्धा राहिला.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मग मीच विचारलं, "यतीन, मला माहेर आहे का रे?"

त्यानं आरशातून पाहिलं. "आहे ना. तुझा माहेर कऱ्हाड."

"तुझं माहेर. तो माहेर नसतो."

"ओके. तुझं माहेर कऱ्हाड."

"कोण आहे तिथे?"

त्याला आठवेना. त्याला आठवण्यासारखं कुणी नव्हतंच. मग त्यानं इंग्रजीत विचारलं, काही बिनसलंय का? यजमान म्हणाले, तू समोर बघून चालव.

घरी आल्यावर मी तो जांभळा गाऊन पिशवीत कोंबला, दुकानात परत द्यायला. यजमान म्हणाले, नाही म्हणून सांग, विषय संपव. मी म्हटलं, नाही म्हटलं की काय होईल ते मला दिसतंय. सासूबाई रुसल्या म्हणतील, जेवण बाहेरून मागवतील, टबात बसून माझ्याबद्दल बोलतील, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या सासूला बोलावतील. मी मात्र इथे तुमची कारल्याची भाजी करत बसेन. ते म्हणाले, कारल्यानं काय केलंय? मला हसू आलं नाही. पातेलं मी इतक्या जोरात ठेवलं की शेजारच्या मिसेस कॉलिन्सनं भिंतीवर ठोकलं.

दोन दिवस तो राग घेऊन फिरले. राग सुनेचा होताच, पण तेवढाच असता तर सोपं होतं. राग त्या आगाचा होता, त्या टांगलेल्या खुरप्यांचा होता. ह्या पोरी शिकलेल्या, गाड्या चालवणाऱ्या. घरी नवऱ्यांना कामाला लावतात आणि ते योग्यच करतात. बायकांनी किती राबायचं ह्यावर माझ्यासमोर तासभर बोलतात. आणि ते बोलणं चालू असताना त्यांच्या पुढ्यातली पोळी कुणी लाटली, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. माझं वय झालं म्हणून मी बाई राहिले नाही काय? आई झाले की माझी आई लागत नाही, असा कुठे कायदा आहे?

तिसऱ्या दिवशी मी अक्षयाला फोन केला. ऑफिसातून बाहेर येऊन तिनं घेतला. मी म्हटलं, मी हेरिफर्डला येणार आहे.

"अहो येणारच आहात ना तुम्ही," ती म्हणाली.

"येणार. पण आई म्हणून नाही. तुमच्यासारखीच माहेरवाशीण म्हणून येणार. शेगडीला हात लावणार नाही. आणि टबाची खोली मला हवी."

फोनवर मागून गाड्यांचे आवाज येत होते. मग तिनं अगदी खरंच प्रश्न पडल्यासारखं विचारलं, "मग आई कोण?"

"ते तुम्ही ठरवा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांच्यात पुष्कळ फोन झाले असणार. मला निवेदिताचा आला. तिनं हवापाणी विचारलं आणि मुद्द्याला हात न घालता ठेवून दिला. यतीनचा आला. तो म्हणाला की अक्षया रडली. मी म्हटलं, रडू दे, मी काय केलं? तो म्हणाला, "तू काय नाही केलंस, तोच प्रॉब्लेम आहे." मराठी येत नसताना तो कधी कधी फार नेमकं बोलतो.

गुरुवारी संध्याकाळी अक्षया स्वतः आली. लंडनमध्ये तिचं काही काम होतं, तिथून मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी पकडून. यजमानांनी दार उघडलं, तिचा चेहरा पाहिला आणि दूध आणायला निघून गेले. फ्रिजमध्ये दुधाच्या दोन बाटल्या होत्या.

ती बसली नाही. कोटही काढला नाही. म्हणाली, "तुम्हाला यायचं नव्हतं तर सरळ नाही म्हणायचं. माझ्या मैत्रिणींसमोर माझं काय राहिलं?"

मी म्हटलं, मैत्रिणींसमोर मी चकार शब्द काढला नाही. तुला एकटीला फोन केला. त्यांना तू सांगितलंस.

मग ती दुसऱ्या बाजूनं आली. म्हणाली, मला वाटलं तुम्हाला आवडेल. तुम्हाला स्वयंपाक आवडतो. आमच्याकडे आलात की मला ओट्याजवळ येऊ देत नाही. मी एकदा पोळ्या करायला घेतल्या तर तुम्ही लाटणं हातातून काढून घेतलंत.

हे खोटं नव्हतं. त्यानं माझा राग आणखी वाढला. मी म्हटलं, "आवडतो. पण आवडतो म्हणून करते, की करायचाच होता म्हणून आवडून घेतला, हे मला आता सांगता येत नाही. इतकी वर्षं झाली."

 मग तिच्या तोंडून जे आलं ते ती सांगायला आलेली नसावी. तिची आई तीन वर्षांत आली नव्हती. वडील अंथरुणाला, त्यांना सोडून तिला निघता येत नाही. अक्षया स्वतः पुण्याला गेली की माहेरपण कसलं, हॉस्पिटलच्या फेऱ्या. "मी नऊ वर्षं तुम्हाला आई म्हणतेय," ती म्हणाली. "मग मी जाऊ कुणाकडे?"

"तुला आई हवी आहे. त्यात काही चूक नाही," मी म्हटलं. "पण तू मला विचारलंस का, तीन दिवस माझी आई व्हाल का म्हणून? तू विचारलंस की आगावर पोळ्या फुगतील का."

"तुम्ही कधी बोलला नाहीत, तुमच्या आईबद्दल. मला यतीननं काल सांगितलं. त्यालाही बाबांकडून कळलं."

"कुणी विचारलं?"

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मला तिला चहा विचारायचा होता. दारी आलेल्या माणसाला, मग तो भांडायला का आलेला असेना, मी चहा विचारते. त्या दिवशी नाही विचारला. हात मांडीवर ठेवून बसून राहिले, आणि ते सोपं नव्हतं.

शेवटी ती पाठमोरीच म्हणाली, मग आता काय करायचं? मी म्हटलं, रद्द करायचं तर कर. नाहीतर आठ माहेरवाशिणी जाऊ.

"आणि जेवण?"

"सात जणींना हात आहेत."

"आठ," ती वळून म्हणाली. तीही चांगलीच रागावली होती.

"सात," मी म्हटलं.

ती गेली. दारात यजमान भेटले, हातात दूध. आता घरात तीन बाटल्या झाल्या.

रद्द झालं नाही. जांभळा गाऊन मी पिशवीतून काढून इस्त्री केला. मे महिन्यात ठरल्या शुक्रवारी निवेदितानं मला हॅरोहून घेतलं. वाटेत ती खूप बोलली, सगळं घरांच्या किमतींबद्दल. हेरिफर्डशर होतं मात्र फोटोतल्यासारखंच. गाडी बोळातून वळली आणि सगळीकडे मोहर. घराच्या दारात पायपुसण्यावर 'वेलकम होम' लिहिलं होतं. मी त्यावर पाय पुसले.

माझी बॅग अक्षयानं वर नेली, टबाच्या खोलीत.  तिनं स्वतःचं सामान खाली किचनजवळच्या लहान खोलीत टाकलं होतं.

मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. वाटलं नाही. मी टबात गरम पाणी सोडलं आणि बाग बघत आत बसले. पाणी निवेपर्यंत मी रागावलेलीच होते. इंग्लंडातल्या सगळ्यात सुंदर खिडकीत बसून मला काकूची घाईत भरलेली ओटी आठवत होती, तिच्यातला नारळ बसमध्ये गडगडत गेला होता.

संध्याकाळी खाली पिठलं झालं. त्यात गुठळ्या होत्या. भाकरी थापायचं कुणाला जमेना, तेव्हा सुनीतीनं ती लाटली आणि ती आगावर पापडासारखी कडक झाली. कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं, म्हणजे सगळ्या पाहत होत्या. मी हात शालीत घालून खुर्चीत बसले. एकदा अर्धी उठलेसुद्धा. अक्षयानं माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी परत बसले. बसा म्हणाली, की बघू किती वेळ बसताय म्हणाली, ते त्या बघण्यातून मला कळलं नाही. मी सगळं जेवले. छान झालंय असं खोटं बोलले नाही. निवेदिता म्हणाली, काकू, काही कमी आहे का? मी म्हटलं, मीठ. मीठ दिलं. जेवणानंतर नेहमीच्या गप्पा रंगल्या नाहीत. एकेक जण झोपायला गेली.

शनिवारी सकाळी मला नेहमीच्या वेळेला जाग आली. मी उठले नाही. छताच्या काळ्या तुळया बघत पडून राहिले. आडवं पडून राहणं हेही शिकावं लागतं. पाय सारखे जमिनीकडे जात होते, मी ते परत पांघरुणात घेत होते. उजाडलं. कोंबड्या ओरडल्या. मग खाली एकेक आवाज सुरू झाले. कपाटं उघडली, मिटली. कुणीतरी विचारलं, आलं कुठेय? कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, काकूंना उठवू का, त्या आल्या की पटकन होईल.

"नको," हा अक्षयाचा आवाज. "झोपू दे त्यांना."

आणखी बऱ्याच वेळानं जिना वाजला. दार कोपरानं ढकलून अक्षया आत आली. हातात मोठा मग. केस विस्कटलेले, बाहीला पीठ. तिचा चेहरा काही हसरा नव्हता. तो मग तिनं माझ्या उशाशी ठेवला आणि ती जायला निघाली.

मी उठून बसले आणि घोट घेतला. आलं चांगलं होतं, चहा उकळलाही नीट होता.

"ह्यात साखर नाही," मी म्हटलं.

ती दारात थांबली. "तुम्ही बिनसाखरेचा घेता ना?"

"बिनसाखरेचा तुझे सासरे घेतात. त्यांना मधुमेह आहे. मला नाही."

ती तशीच उभी राहिली. मला दिसत होतं, ती मनात मागे मागे जात मोजत होती. ब्रॅकनेलचे सगळे रविवार, ट्रेमधले दोन कप. मीही कधी बोलले नव्हते, आणि तेही तिला म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. पुढे आली, माझ्या हातातून मग परत घेतला आणि दारापर्यंत गेली.

"किती?" तिनं न वळता विचारलं. आवाजात राग होता.

"दोन चमचे," मी म्हटलं. माझ्याही आवाजात होता. "आणि भरून घाल."